सायकल दिली, ब्रेकचे काय?

‘ब्रेक लागत नाही’ एवढ्याच तक्रारीवर कितीतरी सायकली जिन्याखाली जाऊन पडतात आणि तिथून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. अशा सायकलीचा ब्रेक दाबून चाकाजवळ डोळा नेला, तर पुष्कळदा वेगळेच दिसते. वायर शाबूत असते, रबर अजून झिजलेले नसते. ते जिथे टेकायला हवे तिथे टेकत नाही, एवढाच दोष असतो. एका बाजूचे रबर रिमला सतत घासते आणि दुसऱ्या बाजूचे हवेत राहते, किंवा रबराची वरची कड टायरला लागते. अर्ध्या तासाच्या आत होणारे हे काम आहे. साध्या सायकलची चारही रबरे नवी घ्यायची ठरवली तरी शंभराची नोट पुरते. तरीही ते होत नाही, कारण ते कसे करायचे हे कुणी शिकवलेलेच नसते.

जिन्याखाली पडलेली सायकल निदान कुणाला पाडत तरी नाही. काळजी वाटते ती अशाच ब्रेकवर रोज रस्त्यावर धावणाऱ्या सायकलींची. ताशी २० किलोमीटर वेगाची सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. रस्ता कोरडा असेल आणि दोन्ही ब्रेक नीट धरत असतील, तर ब्रेक लागल्यावर ती साधारण तीन-साडेतीन मीटरमध्ये थांबू शकते. एकट्या मागच्या ब्रेकवर हेच अंतर दुपटीवर जाते. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते आणि रस्त्यावर घासत जाते. पुढच्या ब्रेकने पोर तोंडावर आपटेल, या धास्तीने अनेक घरांत तो मुद्दाम ढिला ठेवला जातो. धास्ती समजण्यासारखी आहे, उपाय मात्र उलटा आहे. पुढचा ब्रेक हळूहळू आणि मागच्याच्या जोडीने दाबायला शिकवणे, हाच खरा उपाय. पण ते शिकवण्याआधी रबरे जागेवर हवीत. वाकडे बसलेले रबर आधी नुसते घसरते आणि मग एकदम पकडते. अशा ब्रेकवर कुणाचाच हात बसत नाही.

दुरुस्तीची सुरुवात रबरापासून करू नये, चाकापासून करावी. सायकल उलटी ठेवून चाक फिरवायचे. ते चिमट्यात तिरके बसले असेल तर एक्सलचे नट सैल करून आधी मधोमध आणायचे. फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर मिस्त्रीकडून आऊट काढून घ्यायचा. डुलणाऱ्या रिमवर रबरे नेमकी बसवणे हा फुकटचा खटाटोप आहे.

दूधवाले आणि पेपरवाले वर्षानुवर्षे चालवत आले ती २८ इंची काळी सायकल या बाबतीत जरा वेगळी. तिचे ब्रेक सळ्यांचे असतात. मूठ दाबली की सळी वर ओढली जाते आणि इंग्रजी यू आकाराच्या पट्टीवरची दोन रबरे रिमला आतल्या, म्हणजे तारांच्या बाजूने दाबतात. त्यामुळे चाकाला बाजूचा थोडा आऊट असला तरी हा ब्रेक निभावून नेतो, आणि खडबडीत रस्त्यांवर हा मोठाच फायदा आहे. तो बिघडतो तो पट्टी एका बाजूला सरकल्याने. पट्टीला दिशा देणाऱ्या क्लिपा चिमट्यावर आवळलेल्या असतात. त्या सैल करून सारख्या केल्या की रबरे पुन्हा समोरासमोर येतात. मूठ फार आत जात असेल तर सळीच्या जोडावरचा नट सोडून सळी थोडी वर ओढून आवळायची.

चाकावर वरून पकडीसारखा बसणारा ब्रेक असेल आणि एकच रबर घासत असेल, तर तो चिमट्यावर ज्या नटाने बसवला आहे तो किंचित सैल करून सगळा ब्रेक मधोमध फिरवायचा आणि तिथेच धरून आवळायचा. गिअरच्या सायकलींवरच्या व्ही-ब्रेकला दोन्ही हातांच्या तळाशी स्प्रिंगचा छोटा स्क्रू असतो. जो हात रिमला चिकटतो त्याचा स्क्रू अर्धा फेरा आवळला की तो हात रिमपासून दूर सरतो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने कितीजण पक्कड घेऊन ब्रेकचे हातच वाकवत बसतात!

आता मुख्य काम. रिमला बाजूने दाबणारे रबर रिमच्या सपाट पट्टीवर पूर्णपणे टेकले पाहिजे. ते वर चढले तर टायरची भिंत कापते आणि भर रस्त्यात टायर फुटू शकतो. खाली उतरले तर त्याची अर्धी पकड वाया जाते, कड चुकीची झिजते आणि एखाद्या दिवशी ते रिमखाली घसरून तारांत शिरते. व्ही-ब्रेकची रबरे झिजत जातात तशी आपोआप खाली सरकतात, म्हणून आज बरोबर बसवलेली रबरे काही महिन्यांनी पुन्हा पाहावीच लागतात. रबराचे पुढचे टोक रिमला आधी टेकावे आणि मागच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटर फट राहावी. त्यासाठी मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा, ब्रेक दाबून धरायचा, नट आवळायचा आणि पुठ्ठा काढून घ्यायचा. ब्रेकचा तो किंचाळणारा आवाज बहुधा एवढ्याने थांबतो, कारण रबर रिमला चिकटत-सुटत राहिल्याने ब्रेकचा हात थरथरतो आणि त्याचाच तो आवाज असतो. रिमवर तेल सोडल्यानेही आवाज बंद होतो, पण त्याबरोबर ब्रेकही जातो. तेल सोडण्याची ही सवय आधी मोडायला हवी. कडक होऊन चकाकणारे रबर काचकागदावर घासावे आणि त्यात रुतलेले खडे किंवा धातूचे कण सुईने काढावेत.

पावसाळ्यात तर कसलीच सूट नाही. स्टीलच्या चकचकीत रिमवर पाणी पडले की साध्या रबराची पकड कोरड्याच्या मानाने अगदीच थोडी उरते. कोकणात किंवा घाटाखालच्या गावांत, उतारावर आणि ओल्या रस्त्यावर, वाकड्या रबरांना दुसरी संधी मिळत नाही.

आणि नेमक्या अशाच गावांतल्या मुली सायकलीने शाळेत जातात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. शाळा लांब म्हणून मुलीचे शिक्षण सुटू नये, हा त्यामागचा हेतू आहे. योजना मोलाची आहे. पण सायकल एकदा घेतली की संपली, असे ते यंत्र नाही. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वायर ताणलेली असते आणि रबरे सरकलेली असतात. तेव्हा ती सायकल पाहणार कोण?

दुरुस्तीवर सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे दाखले आहेत. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, फ्रान्सने जुन्या सायकलीच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी ५० युरोपर्यंत मदत दिली आणि लाखो सायकली पुन्हा रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ५० पौंडांची दुरुस्ती व्हाउचरे निघाली. आपल्याकडे मात्र सायकलीचे धोरण म्हटले की मार्ग आणि नव्या सायकली यांपुढे विचार जात नाही. पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्यानंतर तिथे मोठ्या उत्साहात उतरलेल्या भाड्याच्या सायकलींपैकी अनेक मोडक्या अवस्थेत पदपथांवर पडलेल्या लोकांनी पाहिल्या.

शिकवण्याची सोयही नव्याने उभी करावी लागणार नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची पद्धत रुजवली. तिच्यातून घडलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत आणि त्या दिवसांत मुलांनी गावातल्या कारागिरांकडून शिकावे असे म्हटले आहे. त्या दहांतला एक दिवस सायकलीच्या ब्रेकला द्यावा. ज्या मुलींना सायकली मिळतात त्यांच्यासाठी असाच एक दिवस जूनमध्ये आणि एक दिवाळीच्या सुटीनंतर ठेवावा. साहित्यही फारसे लागत नाही. १० नंबरचा पान्हा, ५ मिलिमीटरची एलन की, पक्कड, काचकागद, वायरी आणि रबरांचे काही जोड शाळेच्या कपाटात सहज मावतात.

शिकवायला गावातला सायकल मिस्त्री बोलवावा. दुचाकींच्या गर्दीत त्याचे दुकान आधीच आक्रसले आहे, तेव्हा समाजसेवा म्हणून त्याला फुकट राबवू नये. सायकलींच्या अनुदानातच दुरुस्तीचा वेगळा खर्च धरावा आणि त्यातून त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी.