दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?

ऑक्टोबर 2003 मध्ये, दिवाळी तोंडावर आली असताना, मुंबईत कॅडबरीच्या ‘डेअरी मिल्क’ चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची दखल घेतली. कंपनीचे पहिले उत्तर असे होते की, दोष कारखान्याचा नसून दुकानांतील अयोग्य साठवणुकीचा आहे. त्यावर प्रशासनाने विचारले, मग वेष्टन पुरेसे बंदिस्त का नव्हते? विक्री घसरली आणि वाद वाढला.

पुढे कंपनीने ‘विश्वास’ नावाचा उपक्रम हाती घेतला. दुकानदारांना साठवणुकीची माहिती देण्यात आली. जानेवारी 2004 मध्ये अधिक बंदिस्त असे नवे वेष्टन बाजारात आले. त्यानंतर अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती झळकल्या आणि हळूहळू विक्री सावरली.

यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी वेष्टन बदलले, मग जाहिरात बोलली. पहिले उत्तर काही अंशी खरे असेलही. परंतु त्याने ग्राहकाच्या पदरात काहीच पडले नाही.

मोहाडीतील किराणा दुकानदारालाही हेच लागू पडते. तांदळात सोंडे निघाले, तर ‘मागूनच असा माल आला’ हे म्हणणे कदाचित खरे असते. पण गिऱ्हाइकाने पैसे घाऊक व्यापाऱ्याला नव्हे, त्यालाच मोजलेले असतात. माल आधी बदलून द्यावा. घाऊक व्यापाऱ्याशी हिशेब नंतर करावा. पतीचे खाते असेच जमेत राहते.