रांगोळीचा नकाशा पुसला, मग पुढं काय?



मागच्या आठवड्यात गावात कृषी कॉलेजची पोरं होती. शेवटच्या वर्षाला काही महिने खेड्यात राहून काम करायचं, असं राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातच आहे. त्यात एक दिवस गावाचा नकाशा काढतात. ग्रामपंचायतीपुढची जागा झाडली, पांढऱ्या रांगोळीनं रस्ते, निळ्यानं नाला, हिरव्यानं वावरं. सरपंचासोबत फोटो झाला. सायंकाळी ढोरं परत आली अन् नकाशा त्यांच्या खुरात गेला.

पोरांना नावं ठेवत नाही. पद्धत चांगलीच आहे. कागदावर पेन एकाच्याच हातात राहते, जमिनीवर वीस हात चालतात. ज्याले सही येत नाही तोही खडा ठेवून दाखवते, पाणी इथं थांबते.

मीही दाखवलं. माझं वावर नाल्याकाठी, काळी भारी जमीन. त्यांनी नाला सरळ काढला होता. म्हणलं, बेटा, इथं वळण आहे. पांधण मुरूम टाकून उंच केली, खाली पाइप टाकला बारीक. तेव्हापासून मोठा पाऊस आला की पाणी माझ्या वावरात चढते. दरवर्षी तुरीचे दहा-बारा तास पिवळे पडून जातात. पोरीनं वळण काढलं, पण म्हणे, "काका, पाइपाचं लिहायला आमच्या फॉर्मात रकाना नाही."

माझं म्हणणं इथूनच सुरू होते. आज गावात काय आहे, ते तलाठ्याच्या नकाशात आहे, मोबाइलवर वरून दिसते. विद्यापीठानं गावाले विचारावं ते हे की २०४० साली हे शिवार कसं पाहिजे, अन् कशाची भीती वाटते. पहिल्या नकाशाशेजारी दुसरा काढा. आणि सगळ्यांचा एकच काढू नका, त्यात आमच्यासारखे बोलके लोकच बोलतात. कापूस वेचणाऱ्या बाया वेगळ्या बसवा, गायकी वेगळा. आमच्या गायक्याला मी सहज विचारलं, तर त्यानं आधी ई-क्लासची जमीन दाखवली, कुठून कुठपर्यंत वाहितीत गेली ते. आमच्या रांगोळीत ती जमीन नव्हतीच.

एखादे सर म्हणतील, शेतकरी मागण्यांची यादी देईल, याले संशोधन कसं म्हणायचं? अर्धं खरं आहे. सगळेच विहीर अन् रस्ता मागतील. म्हणून प्रत्येक गोष्टीपुढं विचारायचं, हे झालं तर पाणी कोणाच्या वावरात जाईल, वाट कोणाची बंद होईल? तिथं भांडण होईल, होऊ द्या. रांगोळीवरचं भांडण तहसीलपेक्षा स्वस्त पडते.

आपला वर्धा जिल्हा पोकरा योजनेत होता. त्यात गावाचा आराखडा करताना शिवारफेरी होती, अन् आयआयटी मुंबईच्या मदतीनं पाण्याचा ताळेबंदही होता. पाऊस किती, वाहून किती गेला, पिकाले किती लागते, असा हिशोब. तो हिशोब लागतेच. दहावी शिकलेल्या मला तो मांडता येणार नाही. पण त्यात माझा बारीक पाइप दिसत नाही, अन् माझ्या पाइपावरून गावाचा हिशोब लागत नाही. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून गावासमोर वाचले, तर २०४० च्या नकाशाले काही बूड राहील. नाहीतर त्यात सगळीकडं संत्राच दिसेल, पाणी असो की नसो.

अन् नकाशाची एक प्रत गावात राहिली पाहिजे. पोरांचे मार्क होतात, अहवाल कॉलेजच्या कपाटात जाते, पुढच्या वर्षीची पोरं पुन्हा नाला सरळ काढतात.

त्या पोरीनं फोटो पाठवला. मी तो कार्डशीटवर उतरवून समाजमंदिरात लावला, वळणावर लाल खूण केली. पुढच्या बॅचले आधी तिथंच नेणार आहे. तुमच्या गावच्या नकाशाचं काय झालं, खाली लिहा.