खटका कोणाच्या हाती?

लॅपटॉपवर लिनक्स चढविले की मक्तेदारीशी आपला हिशेब मिटला, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या चळवळीत रूढ होऊ पाहत आहे. मालकी आणि ताबा यांतील भेद ज्याने अर्थशास्त्रात शिकला, त्याला ही समजूत मान्य होणे कठीण. तो भेद वायफाय बंद करण्याच्या क्षुल्लक खटक्यापाशीही लख्ख दिसतो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘आरएफकिल’ नावाची व्यवस्था आहे. ती दोन अडसर मानते. ‘सॉफ्ट’ अडसर एका आज्ञेने घालता वा काढता येतो. ‘हार्ड’ अडसर यंत्राकडून येतो आणि आज्ञेला जुमानत नाही. जुन्या थिंकपॅडच्या कडेला सरकता खटका असे. बोटाने सरकवावा, डोळ्यांनी पाहावा. पुढे कळफलकावरील कळ आली, आणि तिचा अर्थ उत्पादकाचे बंदिस्त फर्मवेअर ठरवू लागले. लेनोवोच्या कित्येक आयडियापॅडांना तर खटकाच नव्हता, तरी ‘हार्ड अडसर आहे’ असेच यंत्र कळवीत राहिले. नसलेला खटका सरकवावयाचा कसा? कर्नलच्या कार्यकर्त्यांनी अशा मॉडेलांची यादी वाढवीत नेली आणि अखेर ती उलटी केली : ज्यांना खरोखर खटका आहे, तेवढ्यांचीच नोंद! नफा कंपनीचा, निस्तरणे दुसऱ्यांचे.

‘सॉफ्ट अडसर पुरेसा आहे’ म्हणणाऱ्या साथींना माझा प्रश्न आहे. यंत्रात घुसून ज्याने सर्वाधिकार मिळविले, तो हा अडसर तुमच्या नकळत काढणार नाही काय? भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये घुसखोरांनी कागदपत्रे पेरली, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये काढला. तपासयंत्रणेला तो मान्य नाही. एका खटक्याने ते टळले असते, असे मी म्हणत नाही. परंतु यंत्र बाहेरच्या जगापासून निश्चितपणे तोडण्याचे साधन कार्यकर्त्याच्या हाती असणे ही चैन नव्हे.

हे अशक्य आहे काय? प्युरिझम कंपनीच्या लिब्रेम लॅपटॉपांत वायफाय-ब्लूटूथचा वीजपुरवठाच तोडणारा खटका आहे. कॅमेरा व मायक्रोफोन यांसाठी दुसरा. पण हे लॅपटॉप महाग. बाजाराने स्वातंत्र्यही चैनीची वस्तू करून विकावयास काढले आहे!

शाळा-कचेऱ्यांसाठी सरकार लॅपटॉप खरेदी करते ते जनतेच्या पैशाने. त्या निविदांत वीज तोडणारा खटका आणि खुले फर्मवेअर या अटी घालण्याची मागणी पक्षाच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात करावी. तोवर प्रत्येक शाखेने आपल्या यंत्रावर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा देऊन कोणता अडसर कोणाचा आहे, एवढे तरी पाहून घ्यावे.