घरसंसार : गच्चीवरचा हिरवा पाहुणा

दिवाळी जवळ आली की आपण बायका घराचा कोपरान्‌कोपरा उलथापालथा करतो. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात आणि चिंचेने घासून लख्ख होतात. गाद्यांना ऊन दाखवले जाते, पडदे धुतले जातात, देवघरातल्या समया उजळतात. पण घरातले सर्वांत मोठे भांडे मात्र आपल्याला आठवत नाही. बारा महिने उन्हापावसात उपडे पडलेले हे भांडे म्हणजे आपल्या डोक्यावरचे छप्पर! आकाशकंदील बांधायला गच्चीवर जावे, तेव्हा कुठे पायाखालचा हिरवा गालिचा दिसतो. मग आपण म्हणतो, ‘‘राहू द्या, ऊन पडले की वाळेल.’’

मैत्रिणींनो, आणि हे पान हळूच वाचणाऱ्या पुरुषमंडळींनो, मीही असेच म्हणत होते. त्याची किंमत आमच्या घराने कशी मोजली ते आधी सांगते.

आमचे घर नागपूरच्या दक्षिण टोकाला, हुडकेश्वरला. एकेकाळी हे ग्रामपंचायतीचे गाव होते. पुढे शेते जाऊन ले-आउट पडले, महानगरपालिकेची हद्द इथवर आली आणि कवेलूंच्या घरांशेजारी स्लॅबची घरे उभी राहिली. आमचेही त्यांतलेच एक. त्या घराच्या गच्चीचे आम्हांला कोण कौतुक! उन्हाळ्यात तिच्यावर कुरड्या-पापड वाळायचे, रात्री गाद्या पडायच्या आणि कोजागिरीला दूध आटायचे.

काही वर्षांपूर्वीची अशीच एक कोजागिरी. पाऊस नुकताच उघडला होता. मामंजी दुधाचे पातेले घेऊन पाण्याच्या टाकीच्या बाजूने येत होते. चांदण्यात ती जागा नुसती ओलसर दिसत होती. त्यांचा पाय सरकला आणि पातेल्यासकट ते आडवे झाले. खुब्याचे हाड मोडले. पुढे शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने काठी आणि त्याहूनही वाईट म्हणजे मनात बसलेली भीती. रोज पहाटे गच्चीवर फेऱ्या घालणारा माणूस जिन्याकडे बघेनासा झाला. ‘‘सूनबाई, आता ती गच्ची तुमची,’’ एवढेच ते एकदा म्हणाले. मला ते शब्द फार लागले, कारण त्या शेवाळाकडे मी पावसाळाभर काणाडोळा केला होता.

मग आम्ही दुसरी चूक केली. रागाच्या भरात एका माणसाला बोलावले. त्याने ॲसिडचे कॅन आणले आणि तासाभरात गच्ची नव्यासारखी पांढरीशुभ्र करून दिली. आम्ही खूश! पुढच्या पावसाळ्यात मात्र माजघराच्या छतावर ओलीचे नकाशे उमटले आणि पोपडे पडू लागले. मिस्त्रीने वर जाऊन बघितले आणि कपाळाला हात लावला. ॲसिड शेवाळाबरोबर सिमेंटही खाते. वरचा गुळगुळीत थर गेला, की खालची खरबरीत सच्छिद्र पाठ उघडी पडते. तिच्यात पाणी मुरते, शेवाळ दुप्पट जोमाने धरते, आणि ॲसिडातले क्षार आत झिरपले तर सळयांना गंजही चढतो. तेव्हा पहिला धडा हा की गच्चीला ॲसिड लावू नये, मग लावणारा कितीही छातीठोकपणे सांगो.

या दोन ठेचांनंतर मी जरा अभ्यास केला. ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, ते खरे तर तीन निरनिराळे पाहुणे आहेत.

पहिला बुळबुळीत हिरवा थर. हे शैवल. यातली काही जातकुळी तर इतकी चिवट, की उन्हाळ्यात वाळून काळी खपली होऊन बसते. तिच्यातले रंगद्रव्य तिला प्रखर उन्हापासून वाचवते, आपण डोक्यावर पदर घ्यावा तसे. पहिला पाऊस पडला की ती पुन्हा जागी होते. म्हणून गच्चीवरचे काळे डाग म्हणजे मेलेले शेवाळ असे समजू नका. ते नुसते झोपलेले असते. नागपूरचे ४५ अंशांचे ऊनही त्याला पुरे पडत नाही.

दुसरा पाहुणा मखमली गादीसारखा. शास्त्रज्ञ याला हरिता म्हणतात. याला खरी मुळे नसतात. बारीक तंतूंनी तो पृष्ठभागाला धरून राहतो आणि सर्वांगाने पाणी पितो. तो स्वतः स्लॅब फोडत नाही, पण ओल आणि धूळ धरून ठेवतो. त्या मऊ गादीत पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे नाहीतर वडाचे बी पडले, की रुजलेच म्हणून समजा! आणि पिंपळाचे मूळ भिंत फोडते, हे काय मी सांगायला हवे? पिंपळ तोडायला आपला हात धजत नाही. तेव्हा तो चार पानांचा असतानाच मुळासकट अलगद उपटावा आणि मोकळ्या जागी लावावा. पुण्यही लागते आणि भिंतही वाचते.

तिसरा पाहुणा करड्या-पांढऱ्या चकत्यांचा. हा शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा संसार. बुरशी घर देते आणि शैवल उन्हात स्वयंपाक करते. आपल्या मसाल्यातले दगडफूल याच कुळातले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह जपलेला आहे. म्हणून गच्चीवरच्या चकत्या खरवडून सावजी रश्श्यात टाकू नका हो, त्या निराळ्या!

आता हे पाहुणे येतात कशाने? नागपुरात वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. या हिशेबाने १००० चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला एक लाख लिटर पाणी उतरते. ते सरळ वाहून गेले तर शेवाळाची टाप नाही. ते साचले की पाहुण्यांची सोय होते. पण पावसावरच सारा दोष का घालावा? भरून वाहणारी टाकी, गळका नळ, कूलरचे ठिबकणारे पाणी आणि ए.सी.ची नळी यांनी आपण बारा महिने त्यांचा पाहुणचार करतो. मामंजी जिथे घसरले, ती जागा टाकीच्या सावलीतली होती आणि टाकी रोज सकाळी वाहत होती. बॉलकॉक बदलायला लागली असती ती अर्ध्या तासाची सवड!

आता प्रत्यक्ष सफाई. ती वर्षातून एकदा पाऊस पुरता उघडल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी. मे महिन्यात नुसती झाडलोट आणि डागडुजी पुरते.

सकाळच्या वेळी, शेवाळ किंचित ओले असताना, जाड थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढावा. तारेचा ब्रश आणि लोखंडी खुरपे नको, त्याने कोब्यावर ओरखडे पडतात. निघालेला कचरा घमेल्यात भरावा. पन्हळीकडे लोटू नये, नाहीतर तिथेच बोळा बसतो. हा कचरा वाळवून कुंड्यांना घालता येतो.

मग ब्लीचिंग पावडर. १० लिटरच्या बादलीला २०० ग्रॅम ताजी पावडर घालून ढवळावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी घ्यावी. ऊन कलल्यावर ती गच्चीवर पसरावी म्हणजे लगेच वाळणार नाही. पंधरा-वीस मिनिटांनी काथ्याच्या ब्रशाने किंवा कडक खराट्याने घासावे आणि भरपूर पाण्याने धुऊन काढावे. निवळी गच्चीवर तशीच वाळू देऊ नये. पावडरही चटकन सळया-पत्र्यांना गंज चढवते, म्हणून वर्षातून एकदाच.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचावी. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड, किंवा संडास धुण्याचे ॲसिडयुक्त औषध, कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो जिवावर बेतू शकतो. हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मुले खाली असावीत. तुळस आणि कुंड्या प्लॅस्टिकने झाकाव्यात. पावसाचे पाणी विहिरीत सोडणारी नळी असेल, तर त्या दिवशी तिचे तोंड बंद ठेवावे.

ज्यांची घरे कवेलूंची किंवा मंगलोरी कौलांची आहेत, त्यांची तऱ्हा निराळी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तेव्हापासून हे लाल कौल गावोगाव पोचले. कौल हे भाजलेल्या मातीचे, त्यावर जोराच्या फवाऱ्याचे पाणी मारले तर वरची भाजणी निघते आणि पाणी उलटे आत शिरते. दोन कौलांच्या सांध्यात शेवाळ बसले की तेही वातीसारखे पाणी आत ओढते. म्हणून कवेलू फेरतानाच एकेक उतरवून, घासून, फुटके बदलून बसवावे. ओल्या कौलावर पाय देऊ नये. आडवी फळी टाकून तिच्यावरूनच काम करावे.

आणि जो माणूस हे काम करायला वर चढतो, त्याच्या कमरेला दोर आणि शिडीला खाली धरणारा माणूस, एवढे आपण पाहायलाच हवे. मामंजींच्या दुखण्यानंतर मला हे फार जाणवते. पडणारा कुणीही असला, तरी त्याच्याही घरी कोजागिरी असतेच.

सफाईनंतर एक परीक्षा घ्यावी. गच्चीवर चार बादल्या पाणी ओतावे आणि तासाभराने जिथे डबके राहील तिथे खडूने गोल काढावा. मिस्त्रीला तेवढीच जागा दाखवून उतार भरून घ्यावा. मीटरभर लांबीला निदान एक सेंटिमीटर उतार हवा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव पावसात फुगण्याचा आणि उन्हाळ्यात आकसण्याचा. त्यामुळे घराला बारीक भेगा पडतात. त्या कोरड्या दिवसांतच बुजवाव्यात. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा लेप दिला, तर आतली ओल कोंडून फुगे येतात. शेवटी विरजलेल्या चुन्याचे, थोडा डिंक घालून, दोन हात द्यावेत. चुना शेवाळाला मानवत नाही आणि पांढऱ्या रंगाने उन्हाळ्यात खालची खोलीही थोडी थंड राहते.

पन्हळीच्या तोंडाची जाळी तर दर आठवड्याला बघावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरावर आभाळ फाटले, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीला पूर आला आणि कितीतरी घरांत पाणी शिरले, हे आपण विसरलेलो नाही. त्या रात्री विजांच्या कडकडाटात मला एकच आठवत होते. जाळी मी रविवारीच साफ केली होती. गच्चीवर १० सेंटिमीटर पाणी तुंबले, तर १००० चौरस फुटांवर नऊ टनांहून जास्त ओझे होते! आमच्या पन्हळी रात्रभर घो घो करीत वाहत होत्या आणि सकाळी गच्चीवर ओंजळभरही पाणी नव्हते.

गेल्या वर्षीच्या कोजागिरीला टाकीपासून जिन्यापर्यंत आम्ही खरखरीत फरशीची पट्टी बसवली, बाजूला हात धरायला लोखंडी नळी लावली आणि मामंजींना वर यायचा आग्रह केला. ते बराच वेळ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. काठीचे टोक फरशीवर दोनदा घासून पाहिले. मग हळूहळू चालत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘‘सूनबाई, दूध जरा जास्तच आटलेले दिसते!’’

तेव्हा मैत्रिणींनो, चकलीची भाजणी दळणाला जाईल तेव्हा जाऊ द्या. आधी खराटा घेऊन गच्चीवर एक फेरी मारून या. पणत्या कोरड्या कठड्यावरच ठेवाव्यात, रोषणाईच्या तारा ओलीपासून दूर बांधाव्यात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हात देऊन वर न्यावे. तुम्हां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो!