कायदा झाला, वार्ताहर कोठे आहे?

महाराष्ट्र विधिमंडळाने 7 एप्रिल 2017 रोजी पत्रकारांवरील हल्ल्यांना पायबंद घालणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळून त्याचा कायदा होण्यास 2019 साल उजाडले. या कायद्यामागे अनेक वर्षांची चळवळ होती आणि तिचे निमंत्रक एस. एम. देशमुख हे वडवणी तालुक्यातील देवडीचे. बीडकरांना याचा अभिमान वाटतो; तो वाटावाच. परंतु त्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला. वडवणीच्या किंवा केजच्या वार्ताहराला हा कायदा लागू पडतो काय?

देशमुखांची बरीचशी कारकीर्द कोकणात घडली. अलिबागच्या ‘कृषीवल’चे ते दीर्घकाळ संपादक होते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणासाठी रायगडच्या पत्रकारांना त्यांनी रस्त्यावर उतरविले. (2011 साली सुरू झालेले ते काम पुढे किती रखडले, हे सर्वश्रुत आहे.) 1939 साली स्थापन झालेल्या मराठी पत्रकार परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वृद्ध पत्रकारांच्या निवृत्तिवेतनाचा आग्रहही या संघटनेने धरला. 2019 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांच्या नावे दरमहा 11 हजार रुपयांची सन्मान योजना सुरू झाली ती अशा रेट्यामुळेच.

जून 2011 मध्ये पवईत ज्योतिर्मय डे यांचा भरदिवसा खून झाल्यावर कायद्याच्या मागणीला धार आली. पत्रकारालाच वेगळे संरक्षण कशासाठी, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण डॉक्टरांसाठी असा कायदा 2010 सालीच झाला होता. पत्रकारांच्या कायद्याचा आराखडाही बऱ्याच अंशी तोच : तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अजामीनपात्र गुन्हा आणि नुकसानभरपाई. शिवाय तपास उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यावयाचा नाही. खोटी तक्रार करणाऱ्या पत्रकारालाही शिक्षा ठेवली आहे, हे योग्यच झाले.

अडचण निराळीच आहे. डॉक्टर कोण, हे नोंदणी ठरविते. पत्रकारांची तशी नोंदवही नाही. म्हणून कायद्याने व्याख्या केली. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो नियमित वा कंत्राटी नेमणुकीवर आहे, तो पत्रकार. आता तालुक्याच्या गावचा वार्ताहर डोळ्यांपुढे आणा. सकाळी तो अंकांचे गठ्ठे उतरवून घेतो, दुपारी दुकान किंवा शेत पाहतो, सायंकाळी बातमी पाठवितो. त्याच्याजवळ ओळखपत्र असते, नेमणूकपत्र नसते. मानधन नाममात्र, खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याविरुद्ध लिहावयाचे, त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात मिळवावयाची. मार खाल्ल्यावर ‘हा माझा मुख्य व्यवसाय’ असे त्याने ठाण्यात कशाच्या आधारे सिद्ध करावे?

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. जेथे निवडून आलेल्या सरपंचाची ही गत, तेथे खंडणीची बातमी देणाऱ्याच्या मनात काय येत असेल? राजापूरचे शशिकांत वारिशे यांची रिफायनरीविषयक बातमी 6 फेब्रुवारी 2023 रोजी छापून आली. त्याच दिवशी त्यांना मोटारीखाली चिरडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. कायदा तेव्हा अस्तित्वात होता. अशा प्रसंगी खुनाचे कलम पुरेसे असते. खास कायद्याची गरज भासते ती त्याआधीच्या धमक्यांना आणि मारहाणीला, आणि नेमका तेथेच व्याख्येचा अडसर उभा राहतो.

व्याख्या दुरुस्त करावी, ही मागणी मुंबईत करता येईल. परंतु नेमणूकपत्र सरकार देत नसते. ते वृत्तपत्राचा मालक देतो. पत्रकारांच्या संघटनांत छोट्या पत्रांचे मालक-संपादकही सभासद असतात. मंत्रालयावर मोर्चा नेताना ही मंडळी खांद्याला खांदा लावून चालली. आपल्याच वार्ताहराच्या हाती एका कागदावर नाव, हुद्दा आणि वेतन लिहून द्या, असे त्यांना बैठकीत सांगावे लागेल, आणि ते सांगण्याचा अधिकार देशमुखांइतका दुसऱ्या कोणाला नाही.