माणसे जास्त झाली, पण कोणाला?

नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या आठशे कोटींवर गेल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी त्याच संघटनेच्या अंदाजानुसार भारताने चीनला मागे टाकले. आपल्याकडील सुशिक्षित घरांत या दोन्ही बातम्या एखाद्या दुर्वार्तेसारख्या वाचल्या गेल्या. ‘माणसे फार झाली’ हे वाक्य लोकलच्या डब्यापासून सरकारी कचेरीच्या रांगेपर्यंत कोठेही उच्चारता येते. गंमत अशी, की उच्चारणारा स्वतःला त्या ‘फार’मध्ये कधीच मोजत नाही. आता या जुन्या वाक्याला नवे शेपूट फुटले आहे. यंत्रेच जर सारी कामे करणार असतील, तर एवढ्या माणसांचे करायचे काय?

प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु माणूस कामासाठी जन्माला येतो, काम माणसासाठी नसते, हे गृहीतक त्यात बेमालूमपणे मिसळलेले आहे.

पूर्वीची भीती पोटाची होती. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, असे माल्थसने १७९८ मध्ये मांडले. १९६८ मध्ये अमेरिकेतील पॉल एर्लिक यांनी लोकसंख्येला बॉम्बची उपमा देणारे पुस्तक लिहिले. त्याचा आरंभ दिल्लीतील एका उकाड्याच्या रात्री टॅक्सीतून दिसलेल्या गर्दीच्या वर्णनाने होतो. त्या काळी पॅरिस महानगराची लोकसंख्या दिल्लीच्या दुपटीहून अधिक होती. पण पॅरिसची गर्दी म्हणजे नागर संस्कृती आणि दिल्लीची गर्दी म्हणजे बॉम्ब! सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील, हे त्यांचे भाकीत खोटे ठरले. भारताने तर त्याच काळात गव्हाचे उत्पादन वाढवून दाखवले. परंतु तोवर भीतीने आपले काम केले होते. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते कायद्यात उतरले नाही, एवढेच आपले नशीब.

आता भीतीने वेष पालटला आहे. अन्न पुरणार नाही, असे कोणी म्हणत नाही. माणूसच लागणार नाही, असे म्हणतात. इस्रायली इतिहासकार युवाल नोआ हरारी यांनी ‘निरुपयोगी वर्ग’ असा शब्द रूढ केला आणि आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या मंडळींनी तो तितक्याच सहजतेने उचलला. त्याआधी नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ वॅसिली लिओन्टिफ यांनी घोड्यांचे उदाहरण दिले होते. ट्रॅक्टर आला आणि घोडा गेला, तसेच माणसाचे होईल. अमेरिकेत १९१५च्या सुमारास अडीच कोटींहून अधिक घोडे आणि खेचरे होती. १९६० पर्यंत ती तीस लाखांच्या आसपास उरली. आकडे खरे आहेत, पण उपमा फसवी आहे. घोडा धान्य विकत घेत नाही, घोडा मत देत नाही, ट्रॅक्टर घोड्याने बनवला नाही आणि ट्रॅक्टरच्या नफ्यावर घोड्याने कधी हक्क सांगितला नाही. माणसाला घोड्याच्या जागी उभे केले, की अर्धा वाद आधीच जिंकल्यासारखा होतो. कोण निरुपयोगी, हे ठरवणारा तबेल्याचा मालक मात्र या उपमेत कोठेच दिसत नाही.

वस्तुस्थिती काय आहे? कामगारांच्या प्रमाणात सर्वाधिक यंत्रमानव दक्षिण कोरियाच्या कारखान्यांत आहेत, साधारण दर दहा कामगारांमागे एक. मग तेथे माणसे जड झाली असतील, असे वाटेल. प्रत्यक्षात २०२३ मध्ये तेथील जननदर ०.७२ वर घसरला आणि मुले जन्माला यावीत म्हणून तेथील सरकार पैसे ओतत आहे. यंत्रोद्योगात अग्रेसर असलेल्या जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राशी करार केला तो दहा हजार कुशल मनुष्यबळासाठी. ‘जादा’ ठरवलेल्या देशातून माणसे मागवण्याची ही पाळी का यावी?

इंग्लंडचा इतिहासही असाच बोलका आहे. इंग्लंड व वेल्सची लोकसंख्या १८०१ मध्ये ८९ लाख होती; १९०१ मध्ये ती सव्वातीन कोटी झाली. यंत्रयुगाच्या ऐन भरात माणसे साडेतीनपट वाढली आणि तरी ती निरुपयोगी ठरली नाहीत. पाश्चात्त्य अभ्यासक येथे थांबतात. आपल्याला थांबता येत नाही, कारण त्या हिशेबाची दुसरी बाजू आपल्याच विणकरांच्या घरात आहे. लँकेशायरचे कापड आले, येथील माग थांबले आणि विणकर शेतीवर लोटला गेला. तेथील उरलेली माणसे अमेरिका-ऑस्ट्रेलियाला गेली. यंत्राचा लाभ एका देशात आणि बेकारी दुसऱ्या देशात, अशी ती सोयीची वाटणी होती. भारताला आज अशी सोय नाही आणि ती असूही नये.

म्हणून हा प्रश्न बीडच्या फडकऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास लक्षावधी ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. माणसाची गणतीच अवजाराच्या नावाने! खाडा पडला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये शासकीय समितीने या जिल्ह्यातील ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अशा कामाचे गोडवे गाऊन हार्वेस्टरला विरोध करणे हा शुद्ध दांभिकपणा होईल. कोयता सुटावा, अवश्य सुटावा. पण एक हार्वेस्टर फडात उतरला, की काही डझन कोयते बसून राहतात. यंत्राला सरकारी अनुदान मिळते, कोयत्याच्या अंगावर मात्र मागील हंगामाची उचल तशीच राहते. येथे माणसे जास्त झाली, की हिशेब कमी पडला?

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मधील मुंबईच्या व्याख्यानांत याच विषयाला हात घातला होता. विश्वेश्वरय्यांनी सांगितलेल्या उद्योगाच्या सात अंगांचा उल्लेख करून त्यांनी बजावले, की यंत्राचा विचार मनुष्यबळ, कच्चा माल, भांडवल, बाजारपेठ या इतर अंगांशी जुळवून व्हावा. आपण मात्र यंत्र आधी आणतो आणि माणसाला त्याच्या मापाने कापतो. साठ वर्षांनंतरही ही तक्रार शिळी झालेली नाही.

पाणी आणि जमीन अमर्याद नाहीत, हे मान्यच आहे. परंतु एक अमेरिकी माणूस सरासरी भारतीयाच्या सातपट कर्बवायू हवेत सोडतो, तेव्हा ‘जादा’ कोण हे डोकी मोजून ठरत नाही. शिवाय ज्या वाढीची भीती घातली जाते ती ओसरली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशाचा जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ नोंदला गेला. लोकसंख्या स्थिर राहण्यास २.१ लागतो. आज विशीत असलेली पिढी हीच आपली मोठी तुकडी आहे. तिच्या हाताला काम देण्याची वर्षे मोजकी आहेत आणि ती आपण ‘माणसे फार झाली’ म्हणत घालवत आहोत.

हार्वेस्टरला अनुदान देताना त्याने किती कोयते बसतील याची नोंद व्हावी. त्या जोडप्याची उचल फेडण्याचा, मुलांच्या वसतिगृहाचा आणि त्याच यंत्राची देखभाल शिकवण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत धरला जावा. साखर कारखान्यांच्या ताळेबंदात असा रकाना आज नाही.