घर सांभाळताना : वरच्या मजल्यावरचे पाणी



आपल्या नंदुरबार-शहाद्याकडे पूर्वी जोते आपले आणि छतही आपलेच. गळले तर आपले आपण पाहायचे. आता कॉलन्यांमधून तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि एकीची न्हाणी ती दुसरीचे छत झाली. शाळेत मधल्या सुटीत डबे उघडले की कोणीतरी म्हणतेच, "आमच्या वरच्यांचं गळतं हो!" आणि लगेच, "पण बोलायचं कसं? रोज जिन्यात तोंडं बघायची आहेत."

बोलायचे, आणि त्याच दिवशी लिहूनही द्यायचे. एवढे ठासून सांगते त्याला विम्याचे कारण आहे. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून वा भरून वाहून झालेले नुकसान तिच्यात बसते. घराचा विमा घेतला की सामानाचाही आपोआप होतो. घराच्या रकमेच्या 20 टक्के, पण 10 लाख रुपयांपर्यंतच. मात्र महिनोन्‌महिने मुरलेली ओल म्हणजे काही फुटणे नव्हे. असा दावा बहुतेक नाकारलाच जातो. संकोचाने सहा महिने गप्प बसलेल्या बाईजवळ ‘हे अमुक दिवशी झाले’ असे दाखवायला काही उरत नाही, ते यामुळे.

आणखी एक. वरच्यांचा विमा असला तरी तो त्यांच्या घरापुरता. तुमच्या छतासाठी तुमचीच पॉलिसी हवी. भाड्याने राहत असाल तर निदान सामानाची तरी घ्या.

पाणी एकदम येऊ लागले तर आधी मेन स्विच बंद. ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावू नका. वरच्यांना व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. मग फोटो : छताचे, कपाटाचे, गाद्यांचे, साठवणीच्या मिरचीचे आणि कुरडयांच्या डब्यांचेसुद्धा. कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेले टाकू नका. (ह्यांना घर आवरायची भारी घाई असते, तेव्हा घरच्या पुरुषांनाही बजावून ठेवा!) गळती थांबवण्यापुरती दुरुस्ती मात्र थांबवू नका; तिची पावती आणि फुटलेला पाइपचा तुकडा जपून ठेवा. दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही.

आता भांडणाचे मूळ : पाणी येते कुठून? प्लंबरच्या आधी हे तुम्हीच ओळखू शकता, कारण दिवसभर घरात आपणच असतो. पाणी रात्रंदिवस सारखे ठिबकत असेल तर संशय नळाच्या भरलेल्या पाइपवर. सकाळी वरच्यांच्या आंघोळी झाल्यावरच ठिबकत असेल तर न्हाणीच्या जाळीखालचा सांधा किंवा टाइल्सच्या फटी. फक्त पावसात ओल येत असेल तर गच्ची नाहीतर बाहेरची भिंत. आठवडाभर वहीत वेळा लिहा. मग वरच्या बाईंना ती वही दाखवा आणि त्यांच्या जाळीत रंगीत पाणी ओतून पाहू या म्हणा. खाली तोच रंग उतरला की वाद संपतो. मला तर वकिलाच्या नोटिशीपेक्षा ही चार आण्यांची युक्ती जास्त भरवशाची वाटते.

खर्च कोणाचा? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, पावसाचे पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घरातल्या संडास, मोरी, सिंकची ज्याची त्याने. इमारत नवी असून महारेराकडे नोंदलेली असेल, तर 2016 च्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. ही मुदत संपत आली असेल तर पत्र आजच टाका.

दुरुस्ती नेहमी वरूनच व्हायला हवी. खालून छताला लेप दिला तर पाणी स्लॅबमध्येच अडकते, सळई गंजून फुगते आणि गिलाव्याचे पोपडे पडतात. दुरुस्तीनंतरही रंगाची घाई नको. आपल्याकडच्या वैशाखात छत आठ दिवसांत वरवर सुकलेले दिसते, पण आत ओल राहते. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने छताला लावून दोन दिवस ठेवा. आतून दमट झाला तर रंगाऱ्याला पुढच्या महिन्यात या म्हणावे.